सर्वांत लहान आकडा

अमेरिकेत जी वस्तू विकावयाची असेल तिच्याविषयी एक मोठा आकडा सांगण्याची रीत आहे. आणि ज्या वाहनाचा पूर्वार्ध मोटारीचा व उत्तरार्ध उघड्या पेटीचा असतो, आणि ज्याला तेथील लोक पिकअप म्हणतात, त्याच्याविषयी सांगावयाचा आकडा हा की, मागे जोडलेली किती पौंडांची गाडी ते ओढून नेईल. दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत घनगंभीर आवाजाचा कोणी मनुष्य हा आकडा अशा काही स्वरात उच्चारतो की, ऐकणाऱ्या गृहस्थाच्या घरी ओढण्याजोगे काहीही नसले तरी, आपण आजवर काहीच ओढले नाही ही टोचणी त्याच्या मनाला लागून राहावी. परंतु हाच गृहस्थ ज्या दिवशी खरोखरीच काही ओढावयास निघतो, त्या दिवशी या मोठ्या आकड्याची सनद रद्द होते, आणि कोठल्या तरी चिखलाने माखलेल्या पत्र्यावर ठोकलेल्या एका लहानशा आकड्याचा अंमल सुरू होतो. हा लहान आकडा हुडकून काढण्याच्या विधीलाच जुन्या पिकअपला हिच, म्हणजे मागची गाडी जोडण्याची लोखंडी चौकट, बसविणे असे म्हणतात, असे माझे मत बनले आहे.

मोटारीमागे गाडी जोडण्याच्या या उद्योगाची एक प्रसिद्ध सुरुवात मिशिगन राज्यातली. १९१४ साली डेट्रॉइट शहरातील फ्रेडरिक सिब्ली नामक लाकडाच्या एका सधन व्यापाऱ्याला आपली नाव उत्तरेकडील एका सरोवराकाठी हवापालटासाठी न्यावयाची इच्छा झाली, आणि तो ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे गेला, जो घोड्यांना नाल ठोकीत असे व गाडे बांधीत असे. फ्रूहॉफने एक दुचाकी गाडा बांधून तो फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागे जोडून दिला. नाव सुखरूप पोहोचली, व्यापाऱ्याला लाकूड वाहण्यासाठीही तसेच गाडे हवेसे वाटू लागले, आणि पुढे लोहाराचा कारखाना झाला. एका श्रीमंताच्या सुटीच्या हौसेतून केवढी मालवाहतूक उभी राहिली, हा अर्थशास्त्र्यांनी चिंतन करण्याजोगा विषय आहे. मला यात विशेष मौजेची गोष्ट अशी दिसते की, फोर्डच्या कारखान्यातून पेटीसह तयार होऊन बाहेर पडलेला पहिला पिकअप १९२५ सालचा, किंमत २८१ डॉलर. म्हणजे या शहरात ओढून घेणारी गाडी आधी जन्मास आली आणि ओढणारी तिच्यामागून अकरा वर्षांनी.

आमच्या एका स्नेह्यांनी याच डेट्रॉइटच्या परिसरात १९९७ सालचा एक पिकअप विकत घेतला, त्याला निमित्त गणपतीचे होते. तेथील मराठी मंडळींचा उत्सव दरवर्षी भाड्याच्या सभागृहात होतो, आणि ढोल, ताशे, ध्वज, मखर, पाट, समया व प्रसादाची मोठी पातेली हा सगळा सरंजाम वर्षातील उरलेले दिवस कोणाच्या ना कोणाच्या तळघरात पडून असतो. उत्सवाच्या दिवशी तो दहा-बारा मोटारींतून येतो, आणि मखराचा डावा खांब नेहमी अशा मोटारीत असतो की जिचा मालक वाट चुकलेला आहे. सबब, एक छपराचा ट्रेलर घ्यावा आणि सर्व सामान एकदाच न्यावे, असा ठराव स्नेह्यांनी मांडला व तो एकमताने मंजूर झाला. एकमत येथेच संपले.

कारण असे की, या भागात स्थायिक झालेली मराठी मंडळी पुष्कळशी मोटारधंद्याच्या निमित्ताने आलेली आहेत, आणि या धंद्याची विभागणी इतकी सूक्ष्म आहे की, एका विद्वानाचे उभे आयुष्य दाराच्या मुठीत गेलेले असते, दुसऱ्याचे पावसाळी काच पुसणाऱ्या दांडीच्या गतिनियमनात, आणि तिसऱ्याचे बैठकीखालील फोमाच्या घनतेत. ही सर्व मंडळी एका शनिवारी स्नेह्यांच्या अंगणात जमली. प्रत्येकाला आपल्या अवयवाविषयी निर्विवाद ज्ञान होते, आणि उरलेल्या मोटारीविषयी निर्विवाद मत होते. या सभेत खरोखर जाणता मनुष्य एकच होता, आणि त्याला मराठी येत नव्हते. तो शेजारी राहणारा, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक वृद्ध कारागीर. कुंपणाशी उभा राहून तो कॉफी पीत होता, आणि कोणी विचारल्यावाचून बोलावयाचे नाही असा त्याचा नेम दिसत होता.

“किती ओढेल?” हा पहिला प्रश्न. गाडीच्या पुस्तिकेत ७००० पौंड लिहिलेले सापडले, आणि सभेत आनंद पसरला. आणावयाच्या हिचवर ५००० लिहिलेले होते. आनंद किंचित ओसरला. ज्या गोळ्यावर ट्रेलरचे तोंड बसावयाचे त्याच्या माथ्यावर ६००० कोरलेले होते, तेव्हा दाराच्या मुठीच्या तज्ज्ञांनी तिन्हींची सरासरी काढून ६००० हा आकडा सुचविला आणि तो गोळ्याशी जुळतो याकडेही सभेचे लक्ष वेधले. त्यावर त्या शेजाऱ्याने प्रथमच तोंड उघडले व ट्रेलरच्या दांडीवरील पत्रा पुसून दाखविला. त्यावर २९९० होते. या सगळ्या कारभारात सरासरीला स्थान नाही, बहुमताला नाही आणि ज्येष्ठतेलाही नाही. गाडी, हिच, गोळा, ट्रेलरचे तोंड म्हणजे कपलर, खुद्द ट्रेलर, साखळ्या, टायर या सर्वांचे आकडे एका ओळीत मांडावयाचे आणि त्यांतला जो सर्वांत लहान, त्याचे राज्य मान्य करावयाचे. दुबळ्यातल्या दुबळ्या सभासदाला असा निरपवाद नकाराधिकार देणारी संस्था मी अन्यत्र पाहिलेली नाही.

२९९० या आकड्यातही एक कायदेशीर चातुर्य आहे. पुष्कळ राज्यांत ३००० पौंडांपासून पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. म्हणून एका आसाचे लहान ट्रेलर करणारे कारखानदार दहा पौंडांचे औदार्य दाखवून अलीकडेच थांबतात. कायदा संतुष्ट होतो. मात्र थांबविण्याची सगळी जबाबदारी पुढच्या गाडीवर येऊन पडते, आणि ही पुढची गाडी १९९७ सालची असते. फोमाच्या तज्ज्ञांनी या प्रसंगी १९४७ सालचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगितले. आल्फ्रेड लेतूर्नेर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने त्या साली एअरस्ट्रीम कंपनीचा अख्खा घरवजा ट्रेलर सायकलीमागे जोडून ओढला होता, आणि कंपनीने त्याचे छायाचित्र मोठ्या अभिमानाने मिरविले होते. सपाट जमिनीवर चाकांवरचे ओझे ओढणे ही खरोखरच फारशी कठीण गोष्ट नाही. शेजाऱ्याने याचे भाषांतर शांतपणे ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, “आणि तो उताराला थांबला कसा?”

आता आकडे कागदावरचे झाले. त्यांतला एकही आकडा ही गाडी आज कशी आहे हे सांगत नाही, ती जन्मली तेव्हा कशी होती एवढेच सांगतो. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून अधिक खोलीवर, मिठाची एक प्रचंड खाण आहे, आणि तिच्यातले मीठ हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर पसरतात. हे मीठ ओल धरून ठेवते, ओलीत विरघळून लोखंडाच्या गंजण्याला वेग देते, आणि मोटारीच्या अधोभागात जेथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही अशा सांध्यांत बसून वर्षानुवर्षे आपले काम करीत राहते. म्हणजे एकाच शहराने जमिनीवर मोटारी घडवाव्यात आणि जमिनीखालून त्या खाणारा पदार्थ काढावा, अशी ही विलक्षण स्वयंपूर्ण व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळे दोन्ही धंद्यांना बरकत आहे.

म्हणून हिच बसविण्यापूर्वी चासीचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा, पंचनामा करावा लागतो. चाकांना अडणी लावून गाडी उचलली. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीही खाली जावयाचे नाही, हा शेजाऱ्याचा पहिला हुकूम, आणि तो मोडणाऱ्याला त्याने पायाला धरून बाहेर ओढले. मग भरभक्कम जॅक-स्टँडांवर गाडी टेकवून तो स्वतः हातोडी घेऊन आडवा झाला आणि चासीवर ठोके देत मागून पुढे सरकू लागला. निरोगी लोखंड खणखणीत आवाजात आपली जबानी देते. आतून पोखरलेले लोखंड भद्द असा आवाज काढते, आणि तेथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला तर पापुद्रे सुटतात किंवा तो सरळ आरपार जातो. वरवरची तांबूस छटा हा काही अपराध नव्हे. पापुद्रे, जुन्या भोकांपासून निघालेल्या चिरा, आणि पूर्वीच्या मालकाने काळा रंग फासून झाकलेली ठिगळे हे मात्र अपराध होत, आणि ज्या चासीवर ते सिद्ध होतात तिला हिच बसवूच नये. चासी धड नसेल तर बोल्ट कितीही बळकट असला तरी तो गंजाच्या तुकड्यासह सुटून येतो. आमच्या स्नेह्यांची चासी या तपासणीत निर्दोष सुटली. निकाल लागेपर्यंत ते अंगणात येरझारा घालीत होते.

पिकअपच्या मागच्या बंपरला गोळ्यासाठी आयते भोक असते, आणि “हे भोक असताना हिच हवीच कशाला?” हा प्रश्न विचारणारा एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतो. उत्तर असे की, बंपरलाही स्वतःचा एक आकडा असतो, आणि सत्तावीस हिवाळ्यांनंतर तो पत्रा त्या आकड्याला जागेल याला जामीन राहावयास कोणी पुढे येत नाही. हिचची खरी चौकट थेट चासीला दोन्ही अंगांनी धरते आणि मधोमध चौकोनी नळी मागे उघडी ठेवते. जड कामाच्या बहुतेक हिचमध्ये ती दोन इंचांची असते, आणि तिच्यात गोळ्याचा दांडा सरकवून आडवी पिन व तिला चिमटा लावतात. हा चिमटा चार आण्यांचा असतो आणि त्याच्यावर सगळी गाडी असते.

चौकट बसवावयाच्या जागी नेमके जादा चाक टांगलेले होते. ते खाली उतरविण्याची साखळी कोणीही कधी हलविली नसल्यामुळे गंजून एकजीव झाली होती, आणि तिला तेल पाजून, आळवून, शेवटी कापून काढण्यात त्या सभेचा उत्साहाचा काळ खर्ची पडला. चासीला कारखान्यानेच पाडलेली भोके असतात, आणि नेमक्या त्या गाडीसाठी केलेली हिच त्या भोकांशी जुळते. परंतु बोल्ट आतून बाहेर यावयाचा असतो, आणि पोकळ चासीच्या आत हात जात नाही. त्यासाठी एक नागमोडी गुंडाळीची तार भोकातून आत सोडतात, ती दुसऱ्या मोठ्या भोकातून बाहेर काढतात, तिच्या टोकाला बोल्ट फिरवून बसवितात आणि हलकेच ओढून घेतात. सुईत दोरा ओवण्याचे हे काम पाठीवर निजून, डोळ्यांत गंज पडत असताना करावयाचे असते. काच पुसणाऱ्या दांडीच्या तज्ज्ञांचा बोल्ट चासीच्या पोकळीत पडला, आणि तो आजतागायत तेथेच आहे. डावीकडे वळताना त्याचा आवाज येतो.

येथे एका सभासदाने आपल्या घरच्या डब्यातून बोल्ट आणून दिले. ते चकचकीत होते, पण त्यांच्या डोक्यावर एकही रेघ नव्हती. अमेरिकेत बोल्टाचे सामर्थ्य त्याच्या डोक्यावर लिहिलेले असते: तीन रेषा म्हणजे पाचवी प्रत, सहा रेषा म्हणजे आठवी, ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याच्याविषयी कोणतीच हमी नाही. “वेल्डिंग केले तर बोल्टच नकोत,” अशीही एक सूचना आली. तापलेल्या जागी लोखंडाचा कस बदलतो, आणि चीर तेथूनच चालू लागते, म्हणून ती फेटाळण्यात आली. चासीच्या वरच्या किंवा खालच्या पाळीत नवे भोक पाडण्याची तिसरी सूचना शेजाऱ्याने मान हलवूनच तहकूब केली, कारण गाडीचा भार वाकताना त्याच पाळ्या झेलतात. अखेर हिचबरोबर आलेलेच बोल्ट लावले, आणि ते ‘घट्ट’ करण्याविषयी नवा वाद सुरू झाला, कारण प्रत्येकाच्या मनगटातील घट्टपणा निराळा. या वादाला उत्तर म्हणजे टॉर्क पाना, जो ठरलेल्या मापाला पोहोचताच टक्‌ असा आवाज करतो आणि त्यापुढे मनुष्याच्या अभिमानाला वाव ठेवीत नाही. काही मैल चालवून आल्यावर तो पुन्हा लावून पाहावा लागतो, ही गोष्ट बहुतेक लोक ऐकतात आणि विसरतात.

गोळ्यांचे प्रकरण थोडक्यात सांगण्याजोगे आहे, पण भयंकर आहे. सामान्यतः त्यांची तीन मापे प्रचलित आहेत: पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, दोन इंचांचा, आणि सव्वादोन इंचांहून किंचित मोठा. मोठ्या मापाच्या कपलरमध्ये दोन इंचांचा गोळा अगदी सहज बसतो, खिटी लागते, सर्वांना समाधान वाटते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला कपलर गोळ्यावरून उडी मारतो. मोठा गोळा लहान तोंडात बसतच नाही, त्यामुळे तो निरुपद्रवी. सर्व अपघात सहज बसणाऱ्या लहान गोळ्यामुळे होतात. गोळ्याचे माप त्याच्या माथ्यावर व कपलरचे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. वाचावयाचे इतकेच.

तारांविषयीही लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु त्यातले बरेच अशिष्ट होईल. पिवळी तार डाव्या दिव्याची, हिरवी उजव्याची, तपकिरी मागील दिव्यांची आणि पांढरी जमिनीची. आणि सगळ्या तक्रारींचे मूळ बहुधा या पांढऱ्या तारेत असते, कारण ती रंगलेल्या वा गंजलेल्या पत्र्यावर अडकवून लोक समाधान मानतात. मग डावीकडे वळण्याचा मनोदय व्यक्त करताच चारी दिवे मिणमिणू लागतात, आणि मागून येणाऱ्याला वाटते की हे वाहन विचारात पडले आहे. पत्रा पांढरा होईतो घासून तार बोल्टने आवळली की हा सगळा वेदान्त संपतो.

सामान भरण्याचा दिवस आला. ढोल जड म्हणून ते दाराशी, म्हणजे ट्रेलरच्या मागच्या टोकाशी ठेवले. उतरविताना आधी हाताशी यावेत असा त्यात हेतू होता, आणि तो स्तुत्य होता. वाहतूकदारांच्या मोठ्या काट्यावर ट्रेलर चढवून आणला तेव्हा सामानासकट वजन २४०० पौंड भरले, आणि २९९० च्या आत आहे म्हणून टाळ्याही झाल्या. स्नेह्यांचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, कऱ्हाडकडून सहा महिन्यांसाठी आलेले होते आणि इतका वेळ खुर्चीवर बसून होते. ते उठले, ट्रेलरच्या दांडीखाली हात घालून त्यांनी ती एका हाताने उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“आरं, ही उलाळ भरलीय,” ते मुलाला म्हणाले. “धुरीवर भार नको का? अशी गाडी बैलांनी ओढली असती व्हय?”

“अण्णा, हे निराळं आहे,” स्नेही म्हणाले.

“काय निराळं? दोनच चाकं आहेत नव्हं?”

निराळे काहीच नव्हते. बैलगाडीत कडबा मागे जास्त पडला की जू वर उचलले जाऊन बैलाच्या गळ्याला फास बसतो, आणि पुढे जास्त पडला की त्याची मान दबते. जाणता गाडीवान म्हणूनच धुरीवर थोडासा भार राखतो. अमेरिकेतील पुस्तिका हेच शास्त्र टक्क्यांत सांगतात: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर यावा. त्याहून कमी आला तर वेग वाढताच ट्रेलर आडवा हेलकावे घेऊ लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो, आणि शेवटी ट्रेलरच पुढच्या गाडीला हवे तिकडे नेतो. फार जास्त आला तर गाडीचे शेपूट बसते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. २४०० पौंडांना हा भार २४० ते ३६० हवा होता. वहिनींचा न्हाणीघरातला वजनकाटा आणवून, त्यावर लाकडाचा ओंडका उभा करून गोळ्याच्याच उंचीवर दांडी टेकविली, तेव्हा काटा ९० वर थांबला. अण्णांच्या देखरेखीखाली ढोल पुढे गेले, मखर आसावर आले, पातेली मागे गेली, आणि काट्याने २९० दाखविले. फोमाच्या तज्ज्ञांनी अण्णांना, हे गणित आपण कसे केलेत, असे आदराने विचारले. “हातानं,” अण्णा म्हणाले.

उरल्या साखळ्या. दोन्ही साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवितात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल, आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड. टायरच्या अंगावर शेवटी जे चार आकडे कोरलेले असतात त्यांतले पहिले दोन आठवड्याचे व नंतरचे दोन सालाचे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि या ट्रेलरचे तसेच झालेले होते, म्हणून तेही बदलावे लागले. त्यानंतर गाडी रिकाम्या मैदानात नेऊन थांबविण्याची परीक्षा घेतली; ओढण्याची घेतली नाही, कारण तिच्याविषयी कोणालाच शंका नव्हती.

उत्सव यथासांग पार पडला, डावा खांब वेळेवर आला, आणि पुढच्या वर्षासाठी मंडळाच्या सभासदांकडून सामानाच्या मागण्या आताच येऊ लागल्या आहेत. कोणाला झोपाळा पाठवावयाचा आहे, कोणाला पितळेचा दीपस्तंभ, आणि एका गृहस्थाला गोदरेजचे कपाट. त्या सर्वांस या लेखाद्वारे नम्र विनंती अशी की, गाडीच्या पुस्तिकेतील ७००० चा हवाला कोणीही देऊ नये. ट्रेलरच्या पत्र्यावर २९९० आहेत, त्यांतील २४०० भरलेले आहेत, आणि शिल्लक ५९० पौंडच आहे. प्रत्येकाने आपल्या वस्तूचे वजन काट्यावर करून चिठ्ठीवर लिहून पाठवावे. अंदाजे सांगितलेले वजन स्वीकारले जाणार नाही, आणि कोणती वस्तू पुढे ठेवावयाची व कोणती मागे, याचा निर्णय अण्णांकडे राहील.